वटवाघळांसाठी पैसे कशाला?

पंचवीस हजार रुपये ही रक्कम लहान की मोठी, हे ती कोणत्या खात्यावर लिहायची यावर ठरते. सणाच्या रोषणाईवर लिहिली तर ती कुणाच्या नजरेत भरत नाही. बँडवाल्याला इसारा म्हणून दिली तर तोच नाक मुरडतो. लग्नाच्या आदल्या रात्री एका अंगणात तेवढ्याचे फटाके उडतात आणि सकाळी त्याचा कागदी कचरा झाडून टाकायला आणखी दोन माणसे लागतात. परंतु तीच रक्कम गावातील आठ-दहा तरुणांनी वटवाघळांच्या रक्षणासाठी मागितली, की ती एकाएकी अवाढव्य होते. ती गरिबाच्या तोंडचा घास होते, विधवेचे औषध होते, अनाथाचे शिक्षण होते. रोषणाईच्या वेळी हे गरीब, ही विधवा आणि हा अनाथ कोठे गेलेले असतात, हे मला आजवर कळलेले नाही.

वाचकहो, मी विनोद करीत नाही. आमच्या धर्मग्रामात बावखलाच्या काठी चिंचेची आणि वडाची काही जुनी झाडे आहेत. त्यांवर मोठ्या फळभक्षक वटवाघळांची वस्ती आहे, आणि ती आपल्या आजोबा-पणजोबांच्याही आधीची असावी. दिवसभर ती काळ्या फळांसारखी उलटी लटकलेली असतात. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, की एकेक करून सुटतात आणि पूर्वेकडे जातात. गावातील काही तरुणांनी दोन वर्षांपूर्वी त्यांची मोजदाद सुरू केली. संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेली वटवाघळे सोडविण्यासाठी त्यांनी वेळूला आकडा बांधून घेतला. वाडीवाल्यांशी बोलून फळझाडांवर घालावयाच्या जाळ्यांचा प्रश्न हाती घेतला. यांची संस्था नाही, फलक नाही, अध्यक्ष नाही. म्हणूनच त्यांना कुणी पैसे देत नाही. आणि मला आज जे भांडण मांडायचे आहे ते याच ‘म्हणूनच’शी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: वटवाघळे वाचवायची असतील, तर ज्या झाडाखाली जे लोक राहतात त्यांच्याच हातात थोडा पैसा द्यावा लागतो. मोठा पैसा दुरून देऊन हे काम होत नाही, आणि थोडा पैसा जवळून देण्याची वाट आपण, कायद्याने आणि आळसाने मिळून, बंद करून ठेवली आहे.

हे नुसते मत नाही, घडलेली गोष्ट आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, झांझिबारच्या उत्तरेला पेम्बा नावाचे बेट आहे. लवंगांसाठी ते प्रसिद्ध आहे. या बेटाखेरीज जगात अन्यत्र कोठेही न आढळणारे एक मोठे फळभक्षक वटवाघूळ तेथे राहते. लोक त्याचे मांस खात. बंदुका आल्या, जंगल तोडले गेले, आणि १९९२ च्या पाहणीत या जातीचे अवघे अडीच ते साडेतीन हजार जीव उरल्याचे आढळले. मोठे वटवाघूळ वर्षाकाठी एकच पिल्लू देते. उंदरासारखी त्याची वीण नाही. एका रात्रीत बंदुकीने जे जाते ते भरून यायला वर्षे लागतात. जाणकारांनी तर ही जात जाणार असेच धरले होते.

१९९५ मध्ये ‘फॉना अँड फ्लोरा इंटरनॅशनल’ या ब्रिटिश संस्थेने तेथील वनखात्याच्या साथीने जे केले ते अगदी साधे होते. तिने राखीव क्षेत्राचे कुंपण घातले नाही की संशोधनकेंद्राची इमारत बांधली नाही. ज्या गावांत वस्त्या होत्या तेथील लोकांची छोटी मंडळे उभी केली. मोजणी गावकऱ्यांनी करायची, शिकाऱ्याला गावकऱ्यांनीच अडवायचे, शाळेत मुलांना गावातल्याच माणसाने सांगायचे. पुष्कळशा वस्त्या दफनभूमीच्या आणि पूर्वापार पवित्र मानलेल्या जागांच्या झाडांवर होत्या, त्यामुळे राखणदारी ही गावाला नवी कल्पना नव्हती. तिला फक्त नाव आणि थोडा खर्च मिळाला. किडिके नावाच्या गावाने तर पाहुण्यांकडून प्रवेशमूल्य घेऊन वटवाघळे दाखविण्यास आरंभ केला. पुढे बारा-तेरा वर्षांनी मोजणी झाली तेव्हा संख्या बावीस हजारांच्या वर गेली होती.

पेम्बाचे लोक बहुतांशी मुसलमान आहेत, म्हणून कुणाला ते उदाहरण दूरचे वाटेल, तर आपल्या जवळचे सांगतो. मॉरिशसच्या पूर्वेस साडेपाचशे किलोमीटरवर, भर महासागरात, रॉड्रिग्ज हे चिमुकले बेट आहे. तेथील लोक बहुसंख्येने कॅथलिक आहेत. २००२ मध्ये ते स्वतंत्र धर्मप्रांतासारखे प्रेषितीय व्हिकारिएट झाले. मासे, मका, शेळ्या आणि रविवारची मिस्सा, असे ते जीवन. आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही माणसाला तेथे परके वाटणार नाही. या बेटावरचे सोनेरी केसांचे वटवाघूळ जगात दुसरीकडे नाही. झाडे तुटली, वरून चक्रीवादळे आली, आणि १९७० च्या दशकात ते शंभराच्याही खाली घसरले. आज ते वीस हजारांच्या आसपास आहे. त्यात परदेशी प्राणिसंग्रहालयांनी केलेल्या पैदाशीचा विमा होता, वृक्षलागवड होती, हे खरेच. पण १९९८ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयाने जी मदत दिली ती कशासाठी होती? बेटावरच्या एका माणसाला पर्यावरण-शिक्षक म्हणून नेमण्यासाठी. त्याने शाळाशाळांतून आणि वस्त्यावस्त्यांतून फिरायचे, क्रेओल भाषेत बोलायचे, वटवाघळे मोजायला लोकांना शिकवायचे. एका माणसाच्या पगारातून बेटाचे मन वळू लागले.

आता त्याच राष्ट्राच्या मुख्य बेटाकडे पाहा. मॉरिशसशी आपले नाते आहे; एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणवून घेतात आणि गणपती बसवितात. तेथे लिची आणि आंबे खातात म्हणून वटवाघळांविरुद्ध ओरड झाली. २०१५ मध्ये सरकारने कायदा बदलला आणि बंदुकी बाहेर काढल्या. २०१५ व २०१६ या दोन वर्षांत सरकारी आकड्यांप्रमाणेच अडतीस हजारांहून अधिक वटवाघळे मारली गेली. पुढे पुन्हा मारली. फळबागायतदाराच्या पदरात काय पडले? उत्पन्न वाढले नाही, असे तेथल्या अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. आणि २०१८ मध्ये ती जात ‘संकटग्रस्त’ म्हणून जागतिक यादीत एक पायरी खाली गेली. एका राष्ट्राच्या दोन बेटांपैकी एकावर शिक्षकाचा पगार खर्च झाला आणि दुसऱ्यावर काडतुसांचा. शेवटी तेथील सरकारला जाळ्यांसाठी अनुदान द्यावेच लागले. ते आधी, भरपूर आणि सर्वांना दिले असते तर काडतुसे वाचली नसती का?

येथे आमच्यातले वाडीवाले मला थांबवितात. “फादर, तुम्हांला काय जाते बोलायला? चिकू आमचे खाल्ले जातात.” हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो कष्टाच्या घामातून आला आहे. तथापि त्याची नीट फोड केली पाहिजे. वटवाघूळ पिकलेले फळ खाते. बाजारात जाणारा आपला केळीचा घड हिरवा उतरतो, चिकू घट्ट असताना उतरतो, आंबा पाडाला लागला की उतरतो. जे झाडावर पिकते ते बहुधा चुकलेले, राहिलेले किंवा मजूर न मिळाल्यामुळे सोडलेले असते. लिचीचे तसे नाही. ती झाडावरच पिकावी लागते, म्हणून मॉरिशसच्या शेतकऱ्याचे नुकसान आपल्यापेक्षा अधिक खरे होते. आपल्याकडचे नुकसान शून्य आहे असे नव्हे. जांब, पेरू आणि परसातला आंबा यांचे नुकसान होतेच. मग त्यावर उपाय काय? बोट आत जाणार नाही इतक्या बारीक विणीची, ताणून बसविलेली जाळी. मोठ्या विणीची सैल जाळी घातली तर त्यात वटवाघूळ गुरफटते, पंखाची कातडी फाटते आणि रात्रभर ओरडून ते मरते. पक्षीही मरतात. स्वस्त जाळी आणि योग्य जाळी यांतला जो काही रुपयांचा फरक आहे, तो शेतकऱ्याने एकट्याने का सोसावा? त्या तरुणांनी मागितलेल्या पंचवीस हजारांतला निम्मा भाग नेमका हा फरक भरून काढण्यासाठी आहे. म्हणजे तो पैसा वटवाघळांना नव्हे, वाडीवाल्यांनाच मिळायचा आहे. बैठकीत सर्वांत मोठ्याने विरोध केला तोही वाडीवाल्यांनीच!

आणि वटवाघूळ नुसते खात नाही. वड, उंबर, जांभूळ यांच्या बिया ते रात्रीतून कोसभर नेऊन टाकते. पक्षी उजाड जागेवरून उडायला कचरतात, ते कचरत नाही. कोकणात काजू बागायतदार वटवाघळांनी बोंड खाऊन झाडाखाली टाकलेल्या बिया गोळा करतात. वसई परिसरात गोरखचिंचेची जी विशाल झाडे आहेत, ज्यांच्या खोडापुढे उभे राहून आपण पाहुण्यांची छायाचित्रे काढतो, त्यांची फुले रात्री उमलतात, ती कुणासाठी? लहान कीटकभक्षक वटवाघळांची, आपल्याकडच्या पाकोळ्यांची, कामगिरी तर निराळीच. डास, पतंग, भातावरचे तुडतुडे हे त्यांचे रोजचे जेवण. या सेवेचे बिल कुणी पाठवीत नाही म्हणून ती फुकट आहे असे आपण समजतो.

दुसरा आक्षेप रोगाचा. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा वटवाघळांची झाडे तोडा, वस्त्या जाळा, अशी हाकाटी देशात ठिकठिकाणी उठली. आमच्या धर्मग्रामातही फटाके लावून ती हाकलण्याचा प्रयत्न झाला. त्या एप्रिलमध्ये दक्षिण आशियातील साठाहून अधिक वटवाघूळ-संशोधकांनी एकत्र निवेदन काढून सांगितले, की आपल्याकडील वटवाघळांपासून हा रोग माणसांत पसरल्याचा पुरावा नाही. पण वर्तमानपत्रातली भीती पहिल्या पानावर असते आणि निवेदन आतल्या पानावर. तरीही मी खरे तेच सांगेन: निपाहचा विषाणू फळभक्षक वटवाघळांत असतो. २०१८ मध्ये कोझिकोडला त्याने बळी घेतले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत दोन जातींच्या वटवाघळांत निपाहच्या खुणा आढळल्या. मग निष्कर्ष काय काढायचा? उष्टे फळ खाऊ नये, उघड्या मडक्यातला रस पिऊ नये, पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. वस्ती पेटवून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. उधळलेली वस्ती दहा ठिकाणी विखुरते, घाबरलेला, उपाशी, आजारी प्राणी माणसाच्या अधिक जवळ येतो. रोगाची भीती असलेल्या गावाला तर वस्तीवर नजर ठेवणारी माणसे दुप्पट हवीत. झाडाखाली एकाएकी दहा वटवाघळे मरून पडली, तर ही बातमी तालुक्याच्या पशुवैद्याकडे कोण पोहोचविणार? मुंबईतले कार्यालय नव्हे. रोज संध्याकाळी तेथे वही घेऊन बसणारा पोरगाच.

आता पैशाच्या वाटेविषयी, कारण खरी मेख तेथे आहे.

जगात अशा कामांसाठी छोटी अनुदाने देणाऱ्या संस्था आहेत. इंग्लंडचे रफर्ड फाउंडेशन आहे, १९८२ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेची ‘बॅट कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल’ आहे. त्यांचा अर्ज इंग्रजीत भरायचा असतो आणि संदर्भासाठी शास्त्रज्ञांची नावे द्यायची असतात. हे आमच्या तरुणांना कठीण असले तरी अशक्य नव्हे. अशक्य पुढचे आहे. परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल, तर मंडळाला बाहेरचा एक रुपयाही घेता येत नाही. पूर्वी निदान अशी सोय होती, की नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेने रक्कम घ्यावी आणि नोंदणी असलेल्या खेड्यातल्या छोट्या संस्थेपर्यंत ती पोहोचवावी. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. एका संस्थेने दुसरीला परदेशी देणगी हस्तांतरित करणे आता निषिद्ध आहे. या कायद्याचा जाच काय असतो हे आपल्या धर्मप्रांतातील दवाखाने आणि शाळा चालविणाऱ्या धर्मभगिनींना विचारा. पैशाच्या गैरवापराला आळा घालणे हा हेतू योग्य असेल. पण या चाळणीतून मोठे मासे सुखरूप जातात आणि कोळंबी मात्र अडकते, अशी उफराटी चाळणी मी दुसरी पाहिलेली नाही.

बरे, देशी पैसा? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि पर्यावरण त्या यादीत आहे. परंतु हा पैसा ज्याच्या हातून खर्च व्हायचा, त्याला न्यास किंवा संस्था म्हणून नोंदणी हवी, प्राप्तिकराची प्रमाणपत्रे हवीत, आणि एप्रिल २०२१ पासून सरकारदरबारी वेगळा नोंदणीक्रमांक हवा. एका कंपनीच्या अधिकाऱ्याकडे मी स्वतः त्या तरुणांना घेऊन गेलो होतो. गृहस्थ सौजन्यशील होते. त्यांनी चहा दिला आणि सांगितले, की आमचा सर्वांत लहान प्रकल्प पन्नास लाखांचा असतो. पंचवीस हजारांची फाइल तयार करायलाच आम्हांला त्याहून अधिक खर्च येतो. ते खोटे बोलत नव्हते. म्हणजे मागणी फार थोडी आहे, हाच तिचा दोष ठरला! ‘पन्नास लाख मागा,’ असेही त्यांनी जाता जाता सुचविले. पन्नास लाखांत काय करणार? वडाखाली वातानुकूलित माहितीकेंद्र?

सरकारचे म्हणाल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असली पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा कागद भराभर रंगले. या नोंदवहीत आपल्या झाडावरची वस्ती लिहिलेली आहे का, हे किती जणांनी पाहिले? कायद्याची एक गोष्ट मात्र चांगली झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळभक्षक वटवाघळे उंदीर-घुशींच्या रांगेत, ‘उपद्रवी’ म्हणून पाचव्या अनुसूचीत बसविलेली होती; कुणीही मारावी. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली, आणि १ एप्रिल २०२३ पासून ते कलंकपत्र उरले नाही. शिवाय नागरी भागातील पन्नास वर्षांवरील झाडांना २०२१ पासून वारसावृक्षाचा दर्जा आहे. पण दर्जा कागदावर असतो आणि कुऱ्हाड खोडावर. मधल्या जागेत कुणीतरी उभे राहावे लागते.

उभे राहणाऱ्यांनी काय साधते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. कर्नाटकात कोलारजवळ हनुमनहळ्ळी नावाचे गाव आहे. तेथील एका गुहेत पानासारख्या नाकाचे एक छोटे वटवाघूळ राहते. शास्त्राला त्याची ओळख १९९४ मध्ये झाली. ती करून देणाऱ्या दोघांपैकी एच. आर. भट हे पुण्याच्या विषाणूविज्ञान संस्थेतले. आज साऱ्या जगात या जातीचे दोनशेही जीव नाहीत आणि ते सर्व त्या एका गुहेत आहेत. भोवती ग्रॅनाइटच्या खाणी, सुरुंगाचे धमाके. बंगळूरच्या ‘बॅट कॉन्झर्व्हेशन इंडिया ट्रस्ट’ या छोट्या गटाने गावकऱ्यांच्या आणि वनखात्याच्या मागे लागून तेथले खोदकाम थांबविले आणि गुहेभोवतीची जमीन संरक्षणाखाली आणविली. हे काम एखाद्या मोठ्या परिषदेच्या ठरावाने झाले नाही. पुन्हापुन्हा जाणे, चहा पिणे, अर्ज देणे, परत जाणे, अशाने झाले. बसभाडे आणि कागद यांचाच तो खर्च.

कुणी म्हणेल, की बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या सरसई गावाने वटवाघळांना गावाची रक्षणकर्ती मानून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांना कुणी अनुदान दिले होते? बरोबर आहे. जेथे श्रद्धा जिवंत आहे तेथे पैसा लागत नाही. आपल्याकडे ती श्रद्धा नव्हती, किंवा असली तर ती आपणच अंधश्रद्धा म्हणून मोडून काढली, आणि तिच्या जागी दुसरे काही ठेवले नाही. आता फुकटात व्हावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? ज्यांनी झाड विकायला काढले त्यांना पैसे मिळतात. जे झाड राखतात त्यांनी मात्र पदरचे घालावे, हा न्याय मला उमगत नाही.

काही धार्मिक मंडळींनी मला पवित्र शास्त्र ऐकविले. लेवीय आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत वटवाघूळ अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे, हे खरे. ती यादी काय खाऊ नये याची आहे, काय मारावे याची नव्हे. आणि त्याच यादीत उंट व ससा यांच्याही शेजारी डुकराचे नाव आहे, हे सणाच्या दिवशी कुणाला आठवत नाही. उलट लिनियसने १७५८ मध्ये सृष्टीची वर्गवारी केली तेव्हा वटवाघूळ माणसाच्याच गणात बसविले होते. पुढे विज्ञानाने ते दुरुस्त केले, वटवाघळाच्या सुदैवाने. आपल्यातल्याच एका धर्मगुरूचे नाव तर वटवाघळांच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे प्राध्यापक लाझारो स्पालान्झानी यांनी १७९० च्या दशकात दाखविले, की वटवाघूळ डोळ्यांवाचूनही अंधारात अचूक उडते. त्यांचे प्रयोग क्रूर होते, त्यांचे समर्थन मी करणार नाही. पण दृष्टिहीन केलेली वटवाघळे पुन्हा पकडून पोट भरलेली आहेत की रिकामी, हे त्यांनी पाहिले ते कोठे? पाव्हियाच्या महामंदिराच्या घंटाघरात. देऊळ आणि वटवाघूळ यांचा शेजार इतका जुना आहे.

तो शेजार सुखाचाच असतो असे मी म्हणत नाही. आमच्या घंटाघराच्या जिन्यावर पडणारी विष्ठा सेक्रिस्टनला दर शनिवारी झाडावी लागते आणि त्याचे शब्द येथे छापण्याजोगे नाहीत. इंग्लंडमध्ये जुन्या देवळांतील वटवाघळांसाठी २०२३ पर्यंत पाच वर्षे एक मोठा प्रकल्प चालला. लॉटरीच्या निधीतून लाखो पौंड त्यात गेले, अँग्लिकन चर्च आणि वटवाघूळमित्र संस्था एकत्र आल्या. त्यांचे अभिनंदन. आपल्याजवळ तो पैसा नाही. झाडू, ताडपत्री आणि शनिवारी सेक्रिस्टनच्या मदतीला दोन मुले, एवढे मात्र आपण देऊ शकतो.

मुद्दा हा, की मोठ्या दारांत आपण पुरेसे उभे राहिलो. परदेशचा पैसा अडला, कंपनीचा पैसा उतरत नाही, सरकारी नोंदवही मिटलेली आहे. उरलो आपण. आणि आपण काही दरिद्री नाही. पतपेढ्या आणि सहकार यांची शंभर वर्षांची परंपरा आपल्या समाजाला आहे. बॅसीन कॅथलिक बँक १९१८ मध्ये सुरू झाली ती गावच्या लोकांच्या थोड्याथोड्या पैशांनीच. छोट्या माणसाला छोटे कर्ज विश्वासावर द्यावे, हे ज्या समाजाला एक शतकापूर्वी सुचले, त्याच समाजाला छोट्या मंडळाला छोटे अनुदान विश्वासावर द्यावे हे आज सुचू नये? ‘हरित वसई’साठी एके काळी रस्त्यावर उतरलेली माणसे अजून आपल्यात आहेत. तेव्हा टँकर आणि बिल्डर यांच्याशी लढलो; आता पंचवीस हजारांच्या पावतीपाशी अडखळायचे?

ही रक्कम कशी द्यावी, याविषयीही मला म्हणायचे आहे, कारण भाबडेपणाने दिलेला पैसाही वाया जातो. नोंदणीची अट घालू नये; धर्मग्राम परिषदेतील दोघांनी जामीन राहावे, तेवढे पुरे. रक्कम एकदम न देता दोन हप्त्यांत द्यावी, पण दुसऱ्या हप्त्यासाठी संख्या वाढल्याची अट कदापि घालू नये. ती घातली की पहिल्याच वर्षी वहीत वटवाघळे वाढू लागतील, झाडावर वाढोत वा न वाढोत. मोजणी महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सूर्यास्तापासून काळोख होईपर्यंत, दोघांनी वेगवेगळ्या बाजूंनी बसून करावी आणि दोघांचे आकडे जसेच्या तसे लिहावेत. फरक पडला तर पडू द्यावा. जाळ्यांचा पैसा थेट दुकानदाराला जावा आणि जाळी कोणत्या वाडीत बसली त्याची नोंद राहावी. मांज्यातून वटवाघूळ सोडविणाऱ्याला जाड हातमोजे आणि चावल्यास रेबीजची लस ही खर्चातली पहिली बाब असावी. हौसेपायी कुणाच्या पोराला धोका होता कामा नये. दुर्बीण घ्यायची तर एकच आणि ती देवळाच्या कपाटात ठेवावी. फलक आणि उद्‌घाटन यांवर एक पैसाही जाऊ नये. वर्षाअखेर एका पानाचा हिशेब मराठीत लिहून रविवारच्या मिस्सेनंतर वाचून दाखवावा आणि दाराशी चिकटवावा.

त्या हिशेबात एखाद्या वर्षी असेही लिहावे लागेल, की वस्ती ओस पडली. वटवाघळे वस्ती बदलतात. कधी उन्हाळ्यात पाणी आटल्याने, कधी नुसती ऋतूप्रमाणे. तेव्हा पैसे बुडाले असे ओरडणारे असतीलच. त्यांना वहीतली मागच्या महिन्यांची पाने दाखवावीत आणि शेजारच्या धर्मग्रामांत पत्र पाठवून विचारावे, तुमच्याकडे कोठे नवी वस्ती बसली आहे का, आणि तिच्याखाली वही घेऊन बसायला कोण तयार आहे.